जुन्या आठशेला नवं काळीज

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या रस्त्यांवर कोळसा आणि सिमेंटच्या ट्रकांच्या गर्दीतून अंग चोरत जाणारी 'एमएच ३४' क्रमांकाची जुनी मारुती ८०० पाहिली, की तिच्या चिवटपणाचं कौतुक वाटतं. १९८३च्या डिसेंबरात आलेल्या या गाडीचं उत्पादन २०१४मध्ये थांबलं. तिच्यावरचा जीव मात्र ओसरलेला नाही. मग जुनं इंजिन थकलं, की विचार येतो तो अल्टोचं इंजिन बसवण्याचा.

कागदावर हे सोपं वाटतं. दोन्ही इंजिनं ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. पण जुन्यात सहा व्हॉल्व्ह आणि कार्बोरेटर, तर अल्टोच्यात बारा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन. त्यामुळे नुसतं इंजिन उचलून ठेवणं पुरत नाही. इंजिन नियंत्रित करणारा ईसीयू, सेन्सर, संपूर्ण वायरिंग आणि जास्त दाबाचा इंधनपंप हेही सोबत हवंच. खरी कसोटी वायरिंगची; एक सेन्सर चुकला तरी गाडी अडते. ताकद वाढली, तर ब्रेकही तपासायलाच हवेत.

कायदा त्याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये ते ठामपणे सांगितलं. शिवाय इंजिन क्रमांक आरसी बुकात नोंदलेला असतो. म्हणून गॅरेजआधी चंद्रपूरचं आरटीओ कार्यालय गाठावं.