पडद्यावरची तोफ

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी 2002 मध्ये ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातली फेकलेल्या वस्तूच्या गतीची संगणकीय प्रतिकृती कोणालाही फुकट वापरता येते. पडद्यावर एक तोफ असते. कोन आणि वेग ठरवायचा, गोळा उडवायचा.

तोफ जमिनीलगत आणा, वेग सेकंदाला 20 मीटर ठेवा, हवेचा विरोध बंद करा. 45 अंशांवर गोळा सुमारे 41 मीटरवर पडतो, हाच सर्वांत लांबचा पल्ला. मग 30 आणि 60 अंशांवर उडवा. एक वाट बसकी, दुसरी उंच, तरी दोन्ही गोळे 35 मीटरच्या आसपास एकाच जागी! गुरुत्वाकर्षण दुप्पट केलं, की पल्ला निम्मा होतो.

माझ्या मते खरा धडा मात्र बाणांमध्ये आहे. वेगाचे बाण चालू करून गोळा संथ गतीने सोडा. आडवा बाण शेवटपर्यंत तेवढाच राहतो. उभा आखडत जातो, शिखरावर नाहीसा होतो आणि मग खालच्या दिशेने वाढू लागतो. शिखरावर गुरुत्वाकर्षण थांबतं, असं अनेक मुलांना मनापासून वाटतं. त्वरणाचा बाण तिथेही तसाच खाली रोखलेला दिसतो, तेव्हा ही समजूत डळमळते.

शिक्षकांना एकच आग्रहाची विनंती: बटण दाबण्याआधी गोळा कुठे पडेल ते मुलांना वहीत लिहू द्या. नुसतं बघितलेलं लवकर विसरलं जातं. शेवटी हवेचा विरोध चालू करा. आता 45 अंशांचा नियम कोलमडतो, सर्वांत लांबचा पल्ला त्याहून कमी कोनावर मिळतो. तो कोन मुलांनीच शोधावा.