केंद्रासाठी प्रिंटर घेताना शाई कशी भरायची ते आधी पाहा



शाळा सुरू होण्याच्या सुमारास काही मंडळ्या आणि कुटुंबे दरवर्षी विचारतात, "केंद्राला प्रिंटर द्यायचा आहे, कोणता घेऊ?" या अंकात त्याचे सविस्तर उत्तर देत आहे. थोडक्यात सांगायचे तर, प्रिंटरची किंमत नंतर पाहा. त्यातली शाई संपल्यावर ती कोण भरणार आणि कुठे भरणार, हे आधी पाहा.

सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यात प्रिंटर ही चैन नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर अर्ज, ग्रामसभेचा ठराव, वडीलधाऱ्यांचे जबाब आणि पुराव्यांच्या प्रती जोडाव्या लागतात. एकेका कुटुंबाची जाडजूड फाइल होते. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला, आधार आणि पासबुकाची प्रत लागते. पावरी बोलणाऱ्या बालवाडीच्या मुलांना त्यांच्या बोलीतल्या गोष्टी हव्या असतील, तर त्या आपल्यालाच छापाव्या लागतात. प्रिंटर बंद असला की पाड्यावरच्या माणसाला धडगाव गाठावे लागते. जीपचे भाडे जाते आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते.

आमच्या कपाटात आजही भेट मिळालेले दोन चांगले प्रिंटर आहेत. ते बिघडलेले नाहीत, त्यांची शाई संपली आहे. देणाऱ्यांचे प्रेम खरे होते, पण ते प्रिंटर डोंगरात चालवण्यासाठी बनलेलेच नव्हते.

कार्ट्रिजची अडचण

स्वस्त इंकजेट प्रिंटरमध्ये शाई छोट्या कार्ट्रिजमध्ये असते. कार्ट्रिजच्या आत स्पंज असतो. पुष्कळ मॉडेलमध्ये शाईचे थेंब सोडणारे हेडही त्याच कार्ट्रिजला जोडलेले असते. त्यामुळे शाई संपली की हेडसकट सगळे टाकून नवे घ्यायचे, अशी त्याची रचना आहे.

सिरिंजने शाई भरता येते आणि बाजारात ती भरूनही मिळते. पण शाई जास्त झाली तर गळते, कमी झाली तर स्पंजमध्ये हवा राहते. अशा हेडमध्ये शाई क्षणभर तापवून तिचा थेंब बाहेर फेकला जातो. कोरडे चालले तर हेड जळते. काही कार्ट्रिजवर चिप असते. ती शाईचा हिशेब ठेवते आणि आपण शाई भरली तरी 'रिकामे' असेच दाखवते. काही प्रिंटर तर दुसऱ्या कंपनीची चिप दिसली की छापायलाच नकार देतात. शहरात यावर उपाय सापडतो. पाड्यावर मात्र काम तिथेच थांबते.

टाकीचा प्रिंटर

आशियातील अनेक देशांत दुकानदार साध्या प्रिंटरला बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडून देत असत. पुढे कंपन्यांनीच ती कल्पना उचलली. एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात टाकीचा प्रिंटर आणला, आणि नंतर कॅनन, एचपी व ब्रदर यांनीही आपापले प्रिंटर काढले. यात चार रंगांच्या चार टाक्या असतात. झाकण उघडायचे, बाटली उलटी धरायची आणि वरच्या रेषेपर्यंत शाई भरायची. सिरिंज लागत नाही आणि दुकानात जावे लागत नाही. बालवाडीताई हे काम दहा मिनिटांत करतात.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. एचपीचे 680 क्रमांकाचे काळे कार्ट्रिज सुमारे 480 पाने छापते, असे कंपनी सांगते. एप्सनची 003 क्रमांकाची 65 मिलिलिटरची काळी बाटली सुमारे 4,500 पाने छापते. म्हणजे एका बाटलीत नऊ कार्ट्रिजांचे काम होते. हे आकडे ठरावीक नमुना-पानांवर मोजलेले असतात. फोटो असलेल्या पानांना शाई जास्त लागते. शिवाय पहिल्या वेळी काही शाई नळ्या भरण्यात जाते, म्हणून पहिल्या बाटल्या लवकर संपल्यासारख्या वाटतात. टाकीचा प्रिंटर घेताना पैसे जास्त लागतात हे खरे, पण दुकानात बाटलीची किंमत भागिले पाने एवढा हिशेब करून पाहा.

घेताना काय पाहावे

1. टाकी बाहेरून दिसावी आणि शाईची पातळी डोळ्यांनी कळावी.

2. त्या मॉडेलची बाटली नंदुरबार किंवा शहाद्याला मिळते का, हे आधी विचारावे. मिळत नसेल तर प्रिंटर कितीही चांगला असला तरी आपल्या कामाचा नाही.

3. काळी शाई पिगमेंटची असेल तर उत्तम. डाय प्रकारची शाई पाण्याने पसरते. पिगमेंटची शाई वाळल्यावर सहसा टिकते. पावसाळ्यात नाला ओलांडून नेलेल्या अर्जासाठी हा फरक मोठा आहे.

4. हेड बदलता येते का ते पाहावे. काही टाकी प्रिंटरमध्ये हेड आपल्याला काढून बदलता येते. एप्सनच्या प्रिंटरमध्ये हेड शाई तापवत नाही, म्हणून ते सहसा बराच काळ टिकते. पण ते यंत्रातच बसवलेले असल्यामुळे चोंदले तर दुरुस्तीला न्यावे लागते.

5. हेड साफ करताना वाया जाणारी शाई आत एका पॅडमध्ये जमा होते. पॅड भरले की प्रिंटर थांबतो. पॅडचा डबा आपल्याला बदलता येईल असे मॉडेल मिळाले तर तेच घ्यावे.

6. स्कॅनरही असावा. आमचे निम्मे काम प्रती काढण्याचेच असते.

लेझर प्रिंटर का नको, असे काही जण विचारतात. त्याची शाई वाळत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. जिथे वीज भरवशाची आहे तिथे तो जरूर घ्यावा. पण टोनर कागदावर चिकटवण्यासाठी त्यातला रोलर तापवावा लागतो आणि त्याला शेकडो वॅट वीज लागते. सौर पॅनलवरचा छोटा इन्व्हर्टर तेवढी देऊ शकत नाही. इंकजेट छापत असतानाही साधारण एका छोट्या दिव्याइतकीच वीज घेतो.

पाठवताना आणि वापरताना

नवा प्रिंटर शाई न भरता, खोक्यातच पाठवा. भरलेला प्रिंटर घाटातल्या जीपमध्ये कलंडला तर शाई सांडते आणि नळ्यांत हवा शिरते. शाई केंद्रावर पोचल्यावर भरू.

केंद्रातल्या ताई-दादांसाठी चार नियम आहेत. बाटलीवरचा क्रमांक आणि टाकीचा रंग जुळल्याशिवाय झाकण उघडू नये. शाई खालच्या रेषेच्या खाली जाऊ देऊ नये. आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान छापावे, म्हणजे हेड वाळत नाही. आणि प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा. बोर्डाचे बटण थेट दाबले तर हेड आपल्या झाकणाखाली परत जात नाही आणि उघडे राहून वाळते. वीज अचानक गेली तर ती परत आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून नीट बंद करावा.

आपल्याला विनंती

प्रिंटर घेण्याआधी केंद्राशी एकदा बोला. प्रिंटरसोबत काळ्या शाईच्या दोन बाटल्या जास्तीच्या द्या, कारण सर्वांत आधी तीच संपते. नवा प्रिंटर देणे जमत नसेल तर चालू प्रिंटरसाठी बाटल्यांचा एक संच द्या. ते दान लहान वाटेल, पण दाव्याची फाइल वेळेवर पुरी होते ती त्या बाटलीमुळेच. कारभारीपण म्हणजे नुसते देणे नव्हे. दिलेली वस्तू कामात राहील हे पाहणेही त्यातच येते.