तापमान १२७ अंश, तरी संगणक थंड

मदरबोर्डवरील तापमान आणि पंख्यांचा वेग मोजण्याचे काम बहुतेक डेस्कटॉप संगणकांत सुपर आय/ओ नावाच्या एका छोट्या चिपकडे असते. कीबोर्ड, सिरियल पोर्ट अशी जुनी आणि संथ कामे सांभाळण्यासाठी जन्मलेल्या या चिपमध्येच पुढे तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचा वेग मोजणारी यंत्रणा सामावली गेली. नुव्होटॉन, आयटीई आणि फिनटेक या कंपन्यांच्या चिपा सर्रास आढळतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे या प्रणालीच्या गाभ्यामध्ये, त्यांच्यासाठी ड्रायव्हर असतात. हे ड्रायव्हर चिपच्या रजिस्टरांतील, म्हणजे तिच्या अंतर्गत स्मृतिकप्प्यांतील, आकडे वाचून ते एचडब्ल्यूमॉन या विभागातील साध्या फाइलींत मांडतात. तिथे ४१ अंश सेल्सिअस तापमान ४१००० असे दिसते, कारण नोंद अंशाच्या हजाराव्या भागात होते. एलएम-सेन्सर्स या संचातील ‘सेन्सर्स’ ही आज्ञा हेच आकडे अंशांत बदलून, प्रत्येकापुढे एक नाव लावून पडद्यावर छापते.

घोळ सुरू होतो तो या नावांपासून. सिस्टिन, सीपीयूटिन, ऑक्सटिन ही नावे चिपच्या पायांची आहेत, बोर्डावरील जागांची नाहीत; कोणत्या पायाला कोणता संवेदक जोडायचा, की तो पाय मोकळाच सोडायचा, हे बोर्डाचा उत्पादक ठरवतो आणि सहसा जाहीर करीत नाही. मोकळ्या पायावरचे मोजमाप मात्र थांबत नाही. चिन्हासह लिहिलेल्या ८ बिटांच्या संख्येची कमाल मर्यादा १२७ असल्याने अशा पायावर अनेकदा १२७ अंश किंवा उणे साठच्या घरातले तापमान दिसते. ऑक्सटिनपुढे १२७ पाहून हवालदिल होण्याचे कारण नाही. संगणक खरोखर तेवढा तापला असता, तर तो आकडा दाखवायला चालू राहिलाच नसता. आकड्यापुढे लागणाऱ्या ‘अलार्म’ या शब्दाचेही तसेच आहे. किमान आणि कमाल मर्यादा बायोसने, म्हणजे बोर्डावरील मूळ सॉफ्टवेअरने, भरलेल्याच नसतील, तर कोणताही सामान्य आकडा मर्यादेबाहेरचा ठरतो.

प्रोसेसरच्या आतील संवेदक ही यापेक्षा वेगळी गोष्ट असून त्यांचे ड्रायव्हरही वेगळे आहेत: इंटेलसाठी कोअरटेम्प आणि एएमडीसाठी के१०टेम्प. इंटेलचा संवेदक प्रत्यक्ष तापमान न सांगता कमाल मर्यादेपासूनचे अंतर सांगतो आणि ड्रायव्हर ते मर्यादेतून वजा करतो. म्हणून हा आकडा उच्च तापमानाला भरवशाचा आणि निवांत संगणकावर ढोबळ असतो. एएमडीच्या ‘टीसीटीएल’ या आकड्याचा मुख्य उपयोग पंख्यांच्या नियंत्रणासाठी आहे, आणि रायझन ७ १८००एक्स या प्रोसेसरमध्ये तो प्रत्यक्ष तापमानापेक्षा मुद्दाम २० अंशांनी, तर २७००एक्समध्ये १० अंशांनी जास्त ठेवलेला आहे. ‘टीडाय’ हा शेजारचा आकडा दिसत असेल, तर खरे तापमान तेच समजावे.

पंख्याचा वेग मोजण्याची रीत त्याहून सोपी आहे. पंख्याच्या तिसऱ्या तारेतून प्रत्येक फेऱ्याला साधारणपणे दोन विद्युत्स्पंद येतात. मिनिटाला १२०० फेरे घेणारा पंखा सेकंदाला ४० स्पंद पाठवतो, आणि दोनाऐवजी चार स्पंद देणारा पंखा जोडला तर तोच वेग २४०० दिसतो. शून्य आकड्याचे अर्थ बरेच आहेत: त्या जोडणीवर पंखाच नसेल, असलेल्या पंख्याला वेगाची तारच नसेल, कमी तापमानात बायोसने पंखा थांबवला असेल, किंवा पंखा खरोखर बंद पडला असेल. प्रोसेसरच्या पंख्यापुढे शून्य दिसल्यास आधी संगणकाचे आवरण उघडून डोळ्यांनी पाहावे आणि सॉफ्टवेअरवरचा संशय नंतर घ्यावा.

आकडेच दिसत नसतील, तर पहिली पायरी ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ ही आज्ञा. ती चिप शोधून योग्य ड्रायव्हर सुचवते; तिच्या प्रश्नांना पूर्वनिर्धारित उत्तरेच द्यावीत, कारण आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅडांवर अशा चाचपणीत एका स्मृतिचिपमधील मजकूर बिघडून संगणक सुरूच होईनासे झाले होते. चिप सापडूनही ड्रायव्हर बसत नसेल, तर कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. तिथे बहुधा एसीपीआयशी संघर्ष झाल्याचा संदेश आढळतो: एसीपीआय, म्हणजे बायोसने प्रणालीच्या हाती दिलेली हार्डवेअर-नियंत्रणाची संहिता, त्याच पत्त्यांवर हक्क सांगत असते आणि दोघांनी एकाच वेळी रजिस्टरे हाताळू नयेत म्हणून कर्नल ड्रायव्हरला अडवतो. कर्नल सुरू होताना ‘एसीपीआय-एन्फोर्स-रिसोर्सेस’ हा पर्याय ‘लॅक्स’ ठेवला की अडसर दूर होतो, आणि हाच उपाय सर्वत्र बिनदिक्कत सुचवला जातो. पण संघर्ष त्याने मिटत नाही, केवळ दुर्लक्षिला जातो. काही आसूस बोर्डांसाठी नव्या कर्नलमध्ये बायोसच्याच मार्गाने आकडे वाचण्याची सोय आहे, आणि जिथे ती उपलब्ध आहे तिथे तीच वापरणे शहाणपणाचे.

आकडे दिसू लागल्यावर त्यांची ओळख पटवावी लागते. बायोसच्या पडद्यावरील नावे आणि आकडे टिपून घ्यावेत, प्रोसेसरवर काही मिनिटे भार टाकून कोणता आकडा लगेच चढतो, कोणता रेंगाळत चढतो आणि कोणता ढिम्म हलत नाही ते पाहावे. संगणक बंद असताना कॅबिनेटचा एखादा पंखा काढून संगणक पुन्हा सुरू केल्यास कोणता आकडा शून्यावर येतो, यावरून त्याची जोडणी कळते. तापमानाचा जो आकडा भार टाकूनही हलला नाही तो मोकळा पाय, असा अंदाज बहुधा बरोबर ठरतो. मग सेन्सर्सच्या मांडणी-फाइलीत ‘लेबल’ने खरे नाव द्यावे आणि ‘इग्नोअर’ने निरर्थक ओळी लपवाव्यात.

पंख्यांचे नियंत्रण ‘फॅनकंट्रोल’ या प्रोग्रामकडे सोपवलेले असेल, तर आणखी एक खाचखळगा आहे. एचडब्ल्यूमॉनमधील उपकरणांचे क्रमांक ड्रायव्हर ज्या क्रमाने बसतात त्यावर ठरतात, त्यामुळे कर्नल अद्ययावत झाल्यावर काल दोन क्रमांकावर असलेली चिप आज तीनवर जाऊ शकते. फॅनकंट्रोल आपल्या मांडणीत नोंदवलेली उपकरणांची नावे पडताळून पाहतो आणि ती जुळली नाहीत तर चालूच होत नाही. अशा वेळी ती मांडणी ‘पीडब्ल्यूएमकॉन्फिग’ने नव्याने तयार करावी लागते, आणि ही आज्ञा चाचणीसाठी एकेक पंखा थांबवून पाहत असल्याने तेवढा वेळ प्रोसेसरवर कोणतेही जड काम नसावे.