चिप बदलताना साधने कशी निवडावीत?

आज आपल्या समाजातील अनेक मुले-मुली पदविका व अभियांत्रिकीच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेत शिकत आहेत, ही समाधानाची बाब आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करताना त्यांच्यापुढे एक पेच उभा राहतो. वर्गात शिकलेला मायक्रोकंट्रोलर एका कुळातला आणि प्रकल्पाला हवा असलेला दुसऱ्याच कुळातला! अशा वेळी सर्वांचे लक्ष नव्या चिपकडे असते. तिची आज्ञावली कोणत्या साधनांनी लिहायची, हा प्रश्न मागे पडतो; आणि वेळ व पैसा वाया जातो तो नेमका याच प्रश्नापायी. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. तरीही वाचून-विचारून जे समजले, ते सोप्या शब्दांत मांडत आहोत.

या साधनांत तीन गोष्टी येतात : आज्ञावली लिहिण्याचा संपादक, ती चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आणि चूक शोधणारा डीबगर. या तिन्ही एकत्र मिळतात, त्याला आयडीई म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. इंटेलने १९८० साली आणलेली ८०५१ ही ८ बिटांची चिप. मूळ चिपमध्ये ४ किलोबाइट रॉम आणि अवघी १२८ बाइट रॅम. याउलट २००७ पासून आलेल्या एसटीएम३२ कुळातील एफ१०३सी८ ही चिप ३२ बिटांची; तिच्यात ६४ किलोबाइट फ्लॅश व २० किलोबाइट रॅम असते. ८०५१ साठी काइलचा सी५१ कंपायलर प्रसिद्ध आहे. पण त्याच्या विनामूल्य चाचणी आवृत्तीत आज्ञावलीला २ किलोबाइटची मर्यादा आहे. मोफत पर्याय म्हणजे एसडीसीसी. एसटीएम३२ साठी मात्र जीसीसी हा मुक्त कंपायलर चालतो, जो ८०५१ ला चालत नाही. म्हणजे चिपबरोबर साधनेही बदलणे आलेच.

भाषा दोन्हीकडे 'सी'च असली, तरी जुनी आज्ञावली जशीच्या तशी चालत नाही. ८०५१ वर 'इंट' १६ बिटांचा, तर एसटीएम३२ वर ३२ बिटांचा. चिन्हविरहित मोजणी ६५५३५ नंतर शून्यावर येईल, असे गृहीत धरले असेल तर नव्या चिपवर ती ६५५३६ दाखवते. ८०५१ च्या पोर्टला किंमत दिली की दिवा लागतो. एसटीएम३२ मध्ये आधी त्या पोर्टचे क्लॉक सुरू करून पिनची दिशा ठरवावी लागते.

मग निवड कशी करावी? पहिली गोष्ट, परवाना व मर्यादा तपासा. चोरीची प्रत वापरू नका. मोफत साधने आता पुरेशी चांगली आहेत. दुसरी, डीबगिंगची सोय पाहा. एसटीएम३२ ला एसटी-लिंक जोडला की आज्ञावली हव्या त्या ओळीवर थांबवून आतील किंमती पाहता येतात. तिसरी, साधन टिकेल का याचा विचार करा. एसटी कंपनीने २०१७ साली ॲटोलिक विकत घेतली आणि २०१९ साली स्वतःची मोफत एसटीएम३२क्यूबआयडीई आणली. ॲटोलिकच्या ट्रूस्टुडिओवर काम करणाऱ्यांना मग नव्या घरी बिऱ्हाड हलवावे लागले. चौथी, आपला संगणक ते साधन पेलेल का, आणि अडल्यास विचारायला जवळपास कोणी आहे का, हेही पाहा. २००५ साली इटलीत सुरू झालेले अर्डुइनो लहान प्रयोगांना उत्तम आहे. पण ते चिपमधील पुष्कळ तपशील झाकून ठेवते, हे शिकणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चिपशी थेट बोलणाऱ्या ओळी वेगळ्या फाइलीत ठेवा आणि हिशेबाचा, निर्णयाचा भाग वेगळा लिहा. 'इंट'ऐवजी किती बिट हवेत ते स्पष्ट सांगणारे प्रकार वापरा. बँकेत खतावणीचा नमुना बदलला, तरी खातेदाराची शिल्लक बदलून चालत नाही. तसेच हे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, नवी चिप हाती आली की मोठा प्रकल्प लगेच हाती घेऊ नका. निवडलेल्या साधनावर आधी एक दिवा लावा, नंतर एक अक्षर संगणकाकडे पाठवा, मग एका ओळीवर आज्ञावली थांबवून पाहा. या तीन गोष्टी जमल्या, तर निवड योग्य आहे असे समजा. न जमल्यास साधन तेव्हाच बदला. पहिल्या आठवड्यात केलेला बदल स्वस्त पडतो. परीक्षेच्या तोंडावर केलेला फार महाग पडतो. आपल्या घरच्यांनी काटकसर करून दिलेला पैसा आणि आपले वर्ष, दोन्ही मोलाचे आहे.