एका पेशीचा हिशेब

ल्युकेमिया झालेल्या मुलाच्या आईवडिलांना एक गोष्ट पटता पटत नाही. उपचारांच्या पहिल्या महिन्यातच बहुधा ताप उतरतो, अंगावरचे काळेनिळे डाग जातात, सूक्ष्मदर्शकाखाली विकृत पेशी दिसेनाशा होतात आणि मूल खेळू लागते. तरीही डॉक्टर बजावतात की, औषधे अजून दोन-अडीच वर्षे चालू ठेवावी लागतील. मूल तर बरे दिसते आहे; मग हा खर्च आणि हा छळ कशासाठी? काही कुटुंबे याच टप्प्यावर उपचार सोडतात आणि रोग परततो. डॉक्टरांच्या या आग्रहामागचे गणित प्रथम मांडले गेले ते प्रयोगशाळेतील उंदरांवर.

१९३७ साली न्यूयॉर्कमध्ये जेकब फर्थ आणि मॉर्टन कान या संशोधकांनी ल्युकेमियाची एकच पेशी बारीक काचनळीत घेतली आणि ती निरोगी उंदराला टोचली. उंदीर अर्थातच साधे नव्हते. पिढ्यान् पिढ्या भावंडांचाच संकर करून वाढविलेल्या वंशातले ते असल्यामुळे एकाची पेशी दुसऱ्याचे शरीर परकी मानून नाकारीत नसे. टोचलेल्या उंदरांपैकी काही थोडेच ल्युकेमियाने मेले; पण मुद्दा सिद्ध होण्यास तेवढे पुरेसे होते. रोग उभा राहण्यास एक पेशी बस होते.

या एका पेशीचा हिशेब पुढे अमेरिकेतील अलाबामा राज्यात हॉवर्ड स्किपर यांनी १९६४च्या सुमारास पुरा केला. त्यांच्याजवळ एल-१२१० या नावाचा उंदरांचा ल्युकेमिया होता. त्याच्या पेशी सुमारे बारा तासांत दुप्पट होत आणि त्यांची संख्या शंभर कोटींच्या घरात गेली की उंदीर मरे. एका पेशीपासून तेथवर पोचण्यास तीस दुपटी, म्हणजे पंधरा दिवस लागत. स्किपर यांना आढळले ते असे की, औषधाची ठराविक मात्रा पेशींची ठराविक संख्या मारीत नाही, ठराविक हिस्सा मारते. हजारांतील ९९९ पेशी मारणारी मात्रा शंभर कोटींतून दहा लाख पेशी मागे ठेवते. ते दहा लाख पुन्हा शंभर कोटी होण्यास दहा दुपटी पुरतात. एवढ्या प्रभावी औषधाने उंदराच्या पदरात पडले काय, तर पाच दिवस!

मुलांच्या बाबतीत हाच हिशेब अधिक कठोर ठरतो. निदानाच्या वेळी त्यांच्या शरीरात अशा पेशी दहा खर्वांच्या आसपास असू शकतात. सूक्ष्मदर्शकाला त्या दिसेनाशा झाल्या तरी अब्जावधी उरलेल्या असतात. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली बोस्टनमध्ये एका औषधाने मुलांचा रोग मागे हटविला होता, पण तो काही महिन्यांत परतत असे. एकाच वेळी अनेक औषधे आणि दीर्घकाळ मारा, ही नीती साठीच्या दशकात या गणिताच्या आधाराने रुजली. आज उत्तम सोयी असलेल्या देशांत दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात.

उंदराचा कौल मात्र नेहमीच निर्णायक मानावा असे नाही. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून काढलेले व्हिन्क्रिस्टीन हे आज या रोगावरील एक प्रमुख औषध आहे. सदाफुलीच्या अर्काचा गुण प्रयोगशाळेत दिसला तो पी-१५३४ या निराळ्या ल्युकेमियाच्या उंदरांत. एल-१२१० वर त्याचा फारसा प्रभाव पडत नसे. केवळ दुसऱ्याच्या साक्षीवर विसंबले असते, तर ही वनस्पती कदाचित बाजूला पडली असती.

अलीकडच्या चाचण्या दहा हजार पेशींमधील एक विकृत पेशीही हुडकून काढतात. अगदी थोड्या उरलेल्या पेशी मात्र त्यांच्याही नजरेतून निसटू शकतात, आणि म्हणूनच मूल शाळेत जाऊ लागल्यावरही त्याच्या औषधाच्या गोळ्या चालूच राहतात.