*गांडूळ खताच्या बेडमधला ‘काळा गांडूळ’: वाळा साप*



पाऊस सुरू झाल्यापासून बऱ्याच जणांचे फोटो आलेत. “सर, बेडमध्ये सापाची पिल्लं झालीत, कोणतं औषध टाकू?”

*औषध टाकू नका.* मागच्या वर्षी आपल्या एका सभासदानं घाईत दाणेदार कीटकनाशक टाकलं. साप गेला, पण अख्ख्या बेडमधली गांडुळंही मेली.

फोटोतलं ते पिल्लू नाही. तो पूर्ण वाढलेला *वाळा साप* आहे. बिनविषारी आहे. तोंड इतकं बारीक की माणसाला चावूच शकत नाही. शेपटीचं टोक टोचल्यासारखं वाटतं, पण ती नांगी नाही.

*बेडमध्ये का येतो?*
ओल, भुसभुशीत माती आणि खाणं. मुंग्या आणि वाळवीची अंडी, अळ्या हे त्याचं मुख्य खाद्य. म्हणजे तो आपलं कामच करतोय. यात सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे रोपांच्या कुंडीतल्या मातीतून एक जरी आला तरी पुढं वाढतात.

*ओळखायचा कसा?*
✅ गांडुळाच्या अंगावर कडी असतात, अंग ओलं-चिकट असतं. वाळा चकचकीत, खवल्यांचा, बारीक जीभ बाहेर काढतो.
✅ लांबी वितीच्या आत, जाडी साधारण गांडुळाएवढी.
✅ रंग काळा-तपकिरी, *अंगावर नक्षी नाही*.
✅ मान दिसत नाही. डोळे म्हणजे खवल्याखाली दोन काळे ठिपके.

⚠️ *इथं चुकू नका*
नुसत्या लांबीवर जाऊ नका. फुरशाचं पिल्लूसुद्धा वितीपेक्षा लहान असतं आणि जन्मल्यापासून विषारी असतं. त्याच्या अंगावर नक्षी असते, डोकं मानेपेक्षा रुंद असतं. काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे दिसले तर मण्यार समजा. शंका आली तर हात लावू नका, सर्पमित्राला बोलवा.

*काय करायचं?*
बेड हातानं उकरू नका, दाताळं वापरा. वाळा निघाला तर फावड्यावर घेऊन बांधाला सोडा.

कोणताही साप चावला तर “वाळाच असेल” म्हणून घरी थांबू नका. मण्यार चावल्यावर सूज-वेदना फारशी जाणवत नाही. लगेच 108 ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा.

घरातल्या बायामाणसांना आणि मजुरांनाही हा मेसेज वाचून दाखवा. बेड बहुतेक तेच हलवतात.

– आपला कृषी सल्लागार