प्रवाळ दगड नव्हे, सजीव!

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ समुद्रात डुबकी मारल्यावर खडकांसारखे दिसणारे प्रवाळ म्हणजे असंख्य सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती होत. त्यांच्या ऊतींत राहणारी शैवाले सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्यांना पुरवितात. म्हणूनच स्वच्छ, उथळ पाणी प्रवाळांना मानवते. पाणी फार तापल्यास शैवाले निघून जातात, प्रवाळ पांढरे पडतात आणि उपासमारीने मरूही शकतात. त्यांच्या कपारींत मासे, खेकडे, शंख-शिंपले आसरा घेतात. १९८७ मध्ये येथे सागरी अभयारण्य घोषित झाले; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ तोडणे गुन्हा आहे. घुमटाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे पर्यटकाचा निष्काळजी पाय किंवा बोटीचा नांगर अनेक वर्षांची वाढ क्षणात संपवू शकतो.